प्रश्न तुमचे : संगमरवराच्या तुकड्यांवरचे ग्रीक लेख

अथेन्सच्या अगोरामध्ये, म्हणजे प्राचीन नगराच्या मुख्य चौकात, ‘अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज’ ही संस्था १९३१पासून उत्खनन करते आहे. तिथे आजवर सात हजारांहून अधिक कोरीव लेख मिळाले. त्यांतले बहुसंख्य लेख म्हणजे फुटलेल्या संगमरवराचे तुकडे आहेत. काहींवर पाच-सहा ओळी असतात, तर काहींवर दोनच अक्षरे. असे तुकडे कसे नोंदवतात, कसे वाचतात आणि त्यांवर किती विश्वास ठेवावा, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरे.

संगमरवर इतका टिकाऊ असताना अखंड शिळा का मिळत नाहीत? (नाशिक)

कारण संगमरवर माणसांच्या उपयोगाचा होता. इ.स. २६७मध्ये हेरुली टोळ्यांनी अथेन्स उद्ध्वस्त केले. त्यानंतर नगराच्या एका भागाभोवती घाईने जी तटबंदी उभी राहिली, तिच्यात जुन्या इमारतींचे खांब, पुतळ्यांची पीठे आणि लेखांच्या शिळा सरसकट चिणल्या गेल्या. पुढच्या शतकांत हेच दगड उंबरठे झाले, गटारांवरची झाकणे झाली, विहिरींची कडी झाली. जे तिथेही लागले नाहीत ते चुन्याच्या भट्टीत गेले. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो सुमारे ९०० अंशांवर भाजला की कळीचा चुना मिळतो, आणि भट्टीत टाकायचा तर आधी फोडावा लागतो.

अखंड मिळालेली शिळा ही बहुधा लवकर गाडली गेलेली शिळा असते. इ.स.पू. ३३७/६चा हुकूमशाहीविरोधी कायदा हे त्याचे ठळक उदाहरण. (वर्ष ‘३३७/६’ असे लिहितात, कारण अथेन्सचे वर्ष उन्हाळ्याच्या मध्यात सुरू होई.) लोकशाही उलथवणाऱ्याला ठार मारणारा निर्दोष मानावा, असे त्यात म्हटले आहे. देमोस, म्हणजे जनता, बसली आहे आणि लोकशाहीची देवता तिच्या डोक्यावर मुकुट ठेवते आहे, असे शिल्प वरच्या भागात आहे. ही शिळा एका इमारतीच्या भरावात होती, म्हणून ती शाबूत राहिली.

खणताना अक्षरे असलेला तुकडा दिसला तर नेमके काय करतात? आम्ही पुरातत्त्वाचे विद्यार्थी आहोत. (पुणे)

अक्षरे दिसली की खणणे थांबवायचे. तुकडा हलवायचा नाही. तो जागेवर असतानाच फोटो काढायचा आणि चौकटीतली जागा, पातळी, थराचा क्रमांक यांची नोंद करायची. लेखाची बाजू वर होती, खाली होती की उभी, हेही लिहायचे. ही शेवटची नोंद नेमकी राहून जाते, आणि नंतर ती कशानेही भरून काढता येत नाही. लेख खाली करून मुद्दाम बसवलेला दगड फरशीचा भाग असतो, तर विहिरीच्या गाळात कसाही पडलेला दगड टाकून दिलेला असतो.

उचलण्याआधी वजनाचा हिशेब करा. संगमरवराचे वजन घनमीटरला सुमारे २.७ टन असते. एक मीटर उंच, अर्धा मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड शिळा सुमारे २०० किलो भरते. दोघांनी मिळून ‘जरा सरकवून बघू’ म्हणण्याची ती वस्तू नव्हे. जुनी चीर असेल तर दगड तिथेच तुटतो. त्यामुळे खाली फळी सरकवून, चहूबाजूंनी आधार देऊनच तो उचलावा.

कडेला किंवा पाठीला चुना चिकटलेला असेल तर तो घाण समजून काढू नका. दगड नंतर भिंतीत वापरला गेला होता याचा तो पुरावा आहे. एखाद्या फुटलेल्या बाजूवर चुना असेल, तर ती फूट पुनर्वापराच्या आधीची ठरते. नमुना डबीत ठेवून, डबीवर क्रमांक घालून मगच पुढचे काम करावे.

पाणी लावण्याआधी अक्षरांच्या खाचा भिंगातून पाहा. कोरलेली अक्षरे रंगवण्याची पद्धत होती, बहुतेकदा लाल रंगाने. त्या रंगाचे कण खाचेच्या तळाशी उरलेले असतात आणि जोराच्या एका घासणीत जातात. रंग नसल्याची खात्री झाली तर मऊ ब्रश आणि क्षारविरहित पाणी पुरते. तारेचा ब्रश आणि कुठलेही आम्ल पूर्णपणे वर्ज्य. चुनखडीचा कठीण थर बसलेला असेल तर तो जतनतज्ज्ञाने भिंगाखाली, बारीक पात्याने काढायचा असतो. धुतलेला दगड उन्हात ठेवू नका. जमिनीतले विरघळलेले क्षार दगडात मुरलेले असतात. झपाट्याने वाळताना ते पृष्ठभागाशी स्फटिकरूप होतात आणि संगमरवराचे दाणे सुटू लागतात. सावलीत, सावकाश वाळू द्यावा.

मग मापे. उंची, रुंदी आणि जाडी यांपुढे प्रत्येक बाजू मूळ आहे की फुटलेली, हे लिहिलेच पाहिजे. मूळ बाजू हत्याराच्या खुणांवरून ओळखतात. लेखाची बाजू घोटून गुळगुळीत केलेली असते, कडांवर दातेरी छिन्नीचे बारीक समांतर ओरखडे असतात आणि पाठ टोकदार छिन्नीने ओबडधोबड तासलेली असते. पाठच फुटली असेल तर हातातली जाडी ही ‘उरलेली जाडी’ असते. ती मूळ जाडी म्हणून नोंदली गेली, तर पुढे त्या तुकड्याचा जोड शोधणारे सगळे चुकीच्या दिशेला जातात. शेवटी अक्षरांची उंची मोजायची, आणि एका अक्षराच्या मध्यापासून शेजारच्या व खालच्या अक्षराच्या मध्यापर्यंतचे अंतरही. क्रमांक लिहायचा तो पाठीवर किंवा फुटलेल्या बाजूवर, सहज काढता येणाऱ्या ॲक्रिलिक लेपाच्या पट्टीवर. लेखाच्या बाजूवर कधीही लिहू नये.

आपल्याकडे शिलालेखाला कागद लावून शाईने ठसा घेतात. ग्रीसमध्येही तसेच करतात का? (सातारा)

कागद ओला करून ब्रशने ठोकण्यापर्यंतचे काम सारखेच आहे. फरक शाईचा. आपल्या बेसॉल्टवरच्या लेखांना किंवा वीरगळांना पातळ कागद लावून वरून शाईचा बोळा फिरवतात आणि अक्षरे काळ्यावर पांढरी उमटतात. पांढऱ्या, दाणेदार संगमरवरात शाई झिरपली तर डाग कायमचा राहतो. म्हणून तिथे शाई लावतच नाहीत. त्याऐवजी जाड, खळ नसलेला गाळणकागद वापरतात आणि अक्षराचा आकार कागदातच उठवतात.

दगड आधी स्वच्छ करून ओला करायचा. कागद पाण्यात पूर्ण भिजवून त्यावर पसरायचा आणि मधून कडांकडे हात फिरवून हवा बाहेर काढायची. मग राठ केसांच्या ब्रशने सरळ वरून, मधून कडांकडे ठोकत जायचे. ब्रश तिरका पडला तर कागद सरकतो आणि अक्षरे दुहेरी उठतात. हवेचा फुगा राहिला तर तेवढी अक्षरे सपाट येतात. खोल खाचेवर कागद फाटला तर ओल्या कागदाचा दुसरा तुकडा वर ठोकून बसवायचा, तो पहिल्याशी एकजीव होतो. पूर्ण वाळेपर्यंत सोडवायचा नाही. ग्रीसच्या उन्हाळ्यात बाहेर एक-दोन तास लागतात, बंद खोलीत रात्रभर. ओला असताना सोडवलेला कागद ताणला जातो आणि मापे बिघडतात. वारा असेल तर वाळत आलेल्या कडा आपोआप सुटून कागद उडतो, म्हणून कोणीतरी जवळ थांबावे. ठशावर पेन्सिलीने क्रमांक, तारीख आणि वरची दिशा लिहावी.

असा ठसा पाठीमागून वाचतात. तिथे अक्षरे उठावदार पण उलटी दिसतात, आणि एका बाजूने तिरका प्रकाश टाकला की दगडावर न दिसलेली रेघ कधीकधी ठशात दिसते. प्रिन्स्टनच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी’मध्ये अशा ठशांचा फार मोठा संग्रह आहे. दगड झिजत राहतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ठशात आजच्या दगडापेक्षा जास्त अक्षरे असू शकतात.

मात्र रंगाचे अवशेष असलेल्या किंवा पापुद्रे सुटणाऱ्या दगडाचा ठसा कोणत्याही पद्धतीने घेऊ नये. तिथे तिरक्या प्रकाशातले फोटो आणि त्रिमितीय छायांकन हेच मार्ग आहेत.

छापील ग्रीक लेखांत निम्मा मजकूर चौकटी कंसात असतो. दगडावर जे नाही ते विद्वानांना कसे कळते? हा अंदाजच ना? (नागपूर)

प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. आधी खुणा समजून घेऊ. १९३१मध्ये लायडन येथे ठरलेली पद्धत आज जवळजवळ सगळे पाळतात. चौकटी कंसातला मजकूर म्हणजे दगडावरून नष्ट झालेला आणि संपादकाने सुचवलेला. अक्षराखाली टिंब म्हणजे अक्षराचा अंश उरला आहे, पण तो दुसऱ्या अक्षराचाही असू शकतो. दुहेरी चौकटी कंस म्हणजे प्राचीन काळीच मुद्दाम खोडलेले. कंसात नुसती टिंबे असतील तर तितकी अक्षरे गेली आहेत, आणि आडव्या रेघा असतील तर किती गेली ते सांगता येत नाही.

आता भरपाई कशी करतात ते पाहू. इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकांत अथेन्समधले सरकारी लेख बहुधा ‘स्टोइखेडॉन’ पद्धतीने कोरत. प्रत्येक अक्षराला सारखी चौकट, शब्दांमध्ये जागा नाही, आणि वरच्या ओळीतल्या अक्षराच्या बरोबर खाली पुढच्या ओळीतले अक्षर. म्हणजे एका ओळीत किती अक्षरे ते कळले की हरवलेल्या जागेत किती अक्षरे होती ते मोजता येते.

ठरावांची सुरुवात साचेबंद असते : ‘एडोक्सेन तेइ बूलेइ काइ तोइ देमोइ’, म्हणजे ‘परिषदेने आणि लोकसभेने ठरवले’. ग्रीक लिपीत ही २६ अक्षरे होतात. त्यानंतर त्या वेळी परिषदेचे कामकाज पाहणाऱ्या जमातीचे (नागरिकांच्या विभागाचे) नाव, आणि मग ‘एप्रितानेवे’, म्हणजे ‘कामकाज पाहत होती’, हे क्रियापद. समजा, तुमच्या तुकड्यावर पहिल्या ओळीत ‘बूलेइ’चे पहिले अक्षर उरले आहे आणि त्याच्या बरोबर खाली ‘एप्रितानेवे’चे पहिले अक्षर आहे. ‘बूलेइ’ हा शब्द साच्यातल्या दहाव्या अक्षरापासून सुरू होतो. तेव्हा त्या अक्षरापासून ‘देमोइ’च्या शेवटापर्यंत १७ अक्षरे. त्यात जमातीच्या नावाची अक्षरे मिळवली की ओळीची लांबी मिळते. ‘एगेइस’ जमात असेल तर तिची ६ अक्षरे, म्हणजे ओळ २३ अक्षरांची. ‘हिप्पोथोंतिस’ असेल तर इ.स.पू. ४०३नंतरच्या लिपीत १० अक्षरे, म्हणजे ओळ २७ची. दोन अक्षरांतले अंतर १५ मिलिमीटर असेल तर पहिल्या शक्यतेत मजकुराची रुंदी ३४५ मिलिमीटर होते, दुसऱ्या शक्यतेत ४०५. त्याच शिळेच्या दुसऱ्या एखाद्या तुकड्यावर दोन्ही कडा शाबूत असल्या, तर प्रश्न फूटपट्टीने सुटतो. कडा नसतील तर दहा जमातींपैकी (इ.स.पू. ३०७/६पासून बारा) जितक्या बसतात तितक्या शक्यता खुल्या राहतात, आणि प्रामाणिक संपादक तसे लिहितो.

यातही खाचखळगे आहेत. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात ‘बूलेइ’मधला ‘ऊ’ अनेकदा दोन अक्षरांऐवजी एकाच अक्षराने लिहीत. तसे असेल तर वरच्या गणितातून एक वजा होतो. कोरणारा कधी ‘योटा’ हे सडपातळ अक्षर शेजारच्या चौकटीत घुसवतो. कधी ओळीच्या शेवटी शब्दावयव पूर्ण ठेवण्यासाठी एखादी चौकट रिकामी सोडतो.

तेव्हा साच्यातली भरपाई ही जवळजवळ निश्चित असते. पण व्यक्तीचे नाव, रक्कम, देशाचे नाव किंवा ‘नाही’ हा शब्द कंसात असेल, तर तो संपादकाचा प्रस्ताव असतो. त्यावर इतिहासाची इमारत उभी करू नये. लेख वाचताना एकदा कंसातले सगळे झाकून फक्त दगडावरची अक्षरे वाचायची सवय लावून घ्या. आमच्या मते, या विषयात शिरताना शिकण्यासारखी हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

हे काम आता संगणक करतो असे वाचले. (बेळगाव)

२०२२मध्ये ‘इथाका’ नावाची प्रणाली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. चाचणीत गाळलेली अक्षरे तिने एकटीने ६२ टक्के अचूक भरली. इतिहासतज्ज्ञांनी स्वतः भरली तेव्हा २५ टक्के, आणि तिच्या मदतीने भरली तेव्हा ७२ टक्के. मदतनीस म्हणून ती उत्तम आहे. मात्र ती छापील मजकुरावर शिकली आहे. दगडाची जाडी, पाठ, कडा तिला दिसत नाहीत, आणि वरच्या उत्तरातला निर्णय तर कडांवरच अवलंबून होता.

लेखात वर्ष नसेल तर काळ अक्षरांच्या वळणावरून ठरवतात. ते कितपत भरवशाचे? (ठाणे)

काही टप्पे भक्कम आहेत. इ.स.पू. ४०३/२मध्ये अथेन्सने आयोनियन वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली. त्याआधी ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ला एकच अक्षर होते, ‘ओ’चेही तसेच. ‘क्स’साठी दोन अक्षरे लिहीत. त्यामुळे सरकारी लेखात ‘ओमेगा’ (दीर्घ ‘ओ’) सर्रास दिसला तर तो बहुधा या सुधारणेनंतरचा.

वळणांवरून केलेली कालनिश्चिती मात्र किती घसरू शकते, हे एगेस्टाच्या ठरावाने दाखवले. अथेन्स आणि सिसिलीतले एगेस्टा यांच्यातल्या कराराचा हा लेख. त्यात ‘सिग्मा’, म्हणजे ‘स’चे अक्षर, तीन रेघांचा आहे. तीन रेघांचा सिग्मा इ.स.पू. ४४६च्या आसपास बंद झाला, असा नियम दीर्घकाळ मानला जाई. दगड इतका झिजलेला की ज्याच्या नावाने वर्ष ओळखले जाई त्या अधिकाऱ्याच्या नावाची शेवटची दोन अक्षरे, ‘ओन’, तेवढी नक्की वाचता येत. नियमाला धरून काहींनी तिथे हाब्रोन (४५८/७) वाचले, काहींनी अरिस्टोन (४५४/३). इतिहासकार हॅरल्ड मॅटिंग्ली हे १९६१पासून सांगत होते की हा नियमच चुकीचा आहे. १९९०मध्ये मॉर्टिमर चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसर-प्रकाश आणि संगणकीय प्रतिमा वापरून अँटिफोन हे नाव वाचले. म्हणजे वर्ष ४१८/७. वाद बराच चालला, पण आज बहुतेक अभ्यासक हेच वाचन मानतात.

फरक नुसत्या आकड्याचा नव्हता. अथेन्सने सिसिलीवर स्वारी केली ती ४१५मध्ये. करार ४५८चा मानला तर तो स्वारीच्या चाळीसहून अधिक वर्षे आधीचा, जुन्या धोरणाचा भाग ठरतो. ४१८चा मानला तर तो स्वारीच्या उंबरठ्यावरचा ठरतो. शिवाय याच सिग्माच्या आधारे जुने ठरवलेले अथेन्सच्या साम्राज्याचे अनेक ठराव पुन्हा तपासावे लागले.

वळणापेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे एकाच कोरक्याचा हात ओळखणे. स्टीफन ट्रेसी यांनी हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या) काळातल्या अथेन्सच्या कोरक्यांचे हात असे वेगळे केले आहेत. एका हाताचे दोन-तीन लेख वर्षासह मिळाले, की त्याच हाताचे वर्ष नसलेले तुकडे त्या कारागिराच्या कामाच्या वर्षांत बसवता येतात.

वेगवेगळ्या ठिकाणी मिळालेले तुकडे एकाच शिळेचे, हे कसे कळते? (इंदूर)

या कामाचा मानदंड म्हणजे अथेन्सच्या खंडणीयादीची पहिली शिळा. अथेन्सच्या मित्रनगरांचा खजिना इ.स.पू. ४५४मध्ये डेलोस बेटावरून अथेन्सला आणला गेला. तेव्हापासून प्रत्येक नगराच्या खंडणीचा साठावा हिस्सा अथेना देवीला जाई, आणि त्याची यादी दरवर्षी कोरली जाई. १५ वर्षांच्या याद्या या एकाच शिळेच्या चार बाजूंवर आहेत. आज ती सुमारे १८० तुकड्यांतून उभी आहे, साडेतीन मीटरहून उंच.

जुळवताना मजकूर सर्वांत शेवटी पाहावा. आधी दगड. अथेन्सजवळच्या पेंटेली डोंगराच्या संगमरवरात अभ्रकाचे पट्टे असतात. ते दोन्ही तुकड्यांत एकाच दिशेने आणि एकाच उंचीवर जायला हवेत. पाठीवरच्या छिन्नीच्या खुणा सारख्या हव्यात. शिळा वर निमुळत्या होत जातात, रुंदीला आणि जाडीलाही. म्हणून पाठ शाबूत असलेल्या दोन तुकड्यांत जाड तुकडा खालचा असतो, आणि किती खालचा याचाही अंदाज करता येतो. ही खूण इतकी उपयोगी आहे की वर नोंदीच्या उत्तरात जाडीबद्दल एवढा आग्रह धरला आहे.

मूळ तुकडे एकमेकांवर दाबून पाहू नका. फुटलेल्या कडेचे दाणे झडतात आणि खरा जोडही मग नीट बसत नाही. प्लास्टरच्या प्रती किंवा त्रिमितीय प्रतिमा वापरा. जोड सिद्ध झाल्यावरही चिकटवायचे ते पुन्हा सोडवता येईल अशा ॲक्रिलिक द्रव्याने. लोखंडी सळई नको. लोखंड गंजून फुगते आणि संगमरवर आतून फोडते. अ‍ॅक्रोपोलिसवर (अथेन्सच्या मंदिरांच्या टेकडीवर) विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत हेच झाले, आणि आता तिथे टायटॅनियम वापरतात.

आम्लाचा थेंब टाकून संगमरवर ओळखता येतो ना? (कोल्हापूर)

प्राचीन वस्तूवर नाही. थेंब पडतो तिथला पृष्ठभाग विरघळतो. डोळ्यांनी पुष्कळ कळते : पेंटेलीचा बारीक दाण्याचा आणि लोहामुळे सोनेरी झाक चढणारा, हिमेट्टोसचा निळसर करडा, नाक्सोसचा भरड दाण्याचा. खात्रीसाठी फुटलेल्या बाजूचा किंचित नमुना घेऊन कार्बन व ऑक्सिजनची समस्थानिके मोजतात. तेही परवानगीनेच.

ग्रीसला फिरायला जाणार आहोत. वाटेत अक्षरे असलेला दगड पडलेला दिसला तर? (दुबई)

उचलू नका, खिशात तर मुळीच नाही. ग्रीसच्या पुरातत्त्व कायद्यानुसार (२००२चा कायदा क्र. ३०२८, २०२१मध्ये नव्याने संहिताबद्ध) असा दगड सरकारी मालमत्ता आहे. सापडल्यास जवळच्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा पोलिसांना लगेच कळवणे बंधनकारक आहे. परवानगीशिवाय देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे. जागेवरच दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक आजूबाजूच्या खुणांसह, फोनवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश जपून ठेवा आणि ते त्यांना द्या.

अथेन्समध्ये अर्धा दिवस मोकळा असेल तर राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या इमारतीच्या दक्षिण भागात असलेले अभिलेख संग्रहालय पाहा. प्रवेशद्वार तोसित्सा रस्त्यावर आहे. वर सांगितलेली खंडणीयादीची शिळा तिथेच आहे. जाण्याआधी ‘अ‍ॅटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन’ या मोफत संकेतस्थळावर तिची इंग्रजी भाषांतरे वाचून जा. शिळेसमोर उभे राहिलात की तुकडे आणि मधले प्लास्टर यांचे रंग वेगळे दिसतील. त्यावरून मूळ दगड किती आणि भरपाई किती, हे ओळीओळीने पडताळता येईल.